लहान मुलांचे ध्वनी, अक्षरे आणि शुद्धलेखन: गोव्यातल्या पालक-शिक्षकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बालवाडीपासून तिसरीपर्यंतच्या मुलांचे पालक, अंगणवाडी सेविका आणि प्राथमिक शिक्षक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात ते इथे एकत्र केले आहेत. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच बोलीत ठेवले आहेत. प्रत्येक उत्तर सुटे वाचले तरी चालेल. एकाच गोष्टीचे दोन ठिकाणी चर्वण नको म्हणून दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ध्वनिजाणीव, फोनिक्स, शुद्धलेखन हे सगळं एकच ना?

नाही. ध्वनिजाणीव हे निव्वळ कानाचे काम आहे. डोळे मिटूनही ते करता येते. 'काजू' या शब्दात दोन तुकडे आहेत, तो क् ने सुरू होतो, 'का' काढून 'बा' घातला तर 'बाजू' होतो, हे मुलाला अक्षर न दाखवता कळले म्हणजे ध्वनिजाणीव आहे. फोनिक्समध्ये त्या ध्वनीची चिन्हाशी गाठ घालायची: हा आवाज असा लिहितात. शुद्धलेखन त्याच्याही पुढचे. एकच आवाज दोन प्रकारे लिहिता येत असेल, तर आपल्या भाषेने कोणता प्रकार ठरवला आहे, हे तिथे शिकायचे असते. बहुतेक घरांत पहिली पायरी गाळून थेट पाटी हातात दिली जाते आणि पुढच्या तक्रारी तिथूनच सुरू होतात.

२. माझी मुलगी साडेतीन वर्षांची आहे. शेजारची तिच्याच वयाची मुलगी 'क' काढते. आम्ही मागे पडलो का?

मुळीच नाही. साडेतीनच्या वयात गाणी, गोष्टी, यमके आणि भरपूर गप्पा पुरेत. बोटांचे स्नायू अजून तयार होत असतात. पीठ मळणे, मणी ओवणे, वाळूत रेघा मारणे ही लेखनाचीच तयारी आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये तीन ते आठ वर्षे हा एकच पायाभूत टप्पा मानला आहे, आणि २०२१ मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानातही वाचन पक्के होण्याची मुदत तिसरीपर्यंतची आहे. पाचव्या वर्षाच्या आसपास पहिला आवाज ओळखण्याचे खेळ आणि त्याच सुमारास चार-पाच अक्षरे, हा वेग बहुतेक मुलांना मानवतो.

३. घरी आम्ही कोकणी बोलतो, शाळा मराठी माध्यमाची. मुलाचा गोंधळ होऊ नये म्हणून घरीही मराठी सुरू करू का?

कृपा करून करू नका. ज्या भाषेत तुम्ही रागावता, लाड करता, गोष्ट सांगता तीच भाषा घरात राहू द्या. ध्वनी ओळखण्याची क्षमता कोणत्याही एका भाषेत आली की ती दुसरीकडे आपोआप उपयोगी पडते. 'आंबो' शब्दाचे दोन तुकडे पाडता येणाऱ्या मुलाला 'आंबा' शब्दाचे पाडता येतातच. ण, ळ, तालव्य (टाळूचा) आणि दंत्य (दातांचा) च हे मराठीचे खास आवाज कोकणी मुलाच्या कानात जन्मापासून असतात. ही फार मोठी शिदोरी आहे, आणि घरी अवघडत बोललेल्या मराठीपायी आपण ती हिरावून घेतो.

मराठी कानावर पडायला हवी हे खरे. त्यासाठी रोज एक गोष्ट मराठीतून वाचून दाखवा आणि तिच्यावर गप्पा कोकणीतून मारा. मूल "सुणें" म्हणाले तर "हो, मराठीत त्याला कुत्रा म्हणतात" एवढे पुरे. त्याचा शब्द चुकीचा ठरवू नका. लेखनात दोन भाषा कुठे वेगळ्या पडतात ते प्रश्न १३ मध्ये आहे.

४. वही-पेन्सिल न घेता कानाचा सराव घ्यायचा म्हणजे रोज नेमकं काय करायचं?

दिवसाला दहा मिनिटे पुरतात, आणि तीही चालता-बोलता. सुरुवात टाळ्यांनी करा. गावांची नावे यासाठी उत्तम: डि-चो-ली तीन टाळ्या, सां-गे दोन. इथे एक काळजी घ्या. 'पणजी' लिहिताना अक्षरे तीन असली तरी बोलताना टाळ्या दोनच पडतात: पण-जी. 'पेडणे'चेही तसेच, पेड-णे. मोठी माणसे डोळ्यांसमोर अक्षरे आणून मुलाकडून तीन टाळ्या वाजवून घेतात. पण अक्षर न पाहिलेल्या मुलाने दोन वाजवल्या तर त्याचा कान चोख आहे, त्याला शाबासकी द्या.

त्यानंतर यमके घ्या: काजू, बाजू, राजू, तराजू. मग पहिला आवाज ओळखायचा. बाजारात जाताना "म् ने सुरू होणारं काय काय दिसतं?" असे विचारा. मासे, मीठ, मिरच्या, मडकी, सगळे चालेल. काही मुले 'मासे' आणि 'मीठ' वेगवेगळ्या आवाजांनी सुरू होतात असे ठामपणे सांगतात, कारण त्यांना 'मा' आणि 'मी' असे अखंड तुकडे ऐकू येतात. त्या 'मा'मधला म् सुटा ऐकू येऊ लागणे हा सगळ्या प्रवासातला कळीचा टप्पा आहे. ओठ मिटून 'म्म्म्' लांबवा आणि मग 'आ' म्हणून तोंड उघडा. मुलाला आरशात स्वतःचे ओठ पाहू द्या.

शेवटचा आवाज ओळखणे त्याहून अवघड, ते नंतर घ्या. सर्वांत शेवटी काढाघालीचे खेळ: मडगावमधून 'मड' काढलं तर काय उरलं? 'नाक'मधला न् काढून क् ठेवला तर? मुलाला कंटाळा यायच्या आत थांबा, म्हणजे दुसऱ्या दिवशी ते स्वतःहून मागेल.

५. मराठीत अक्षर म्हणजेच उच्चार. मग क् आणि आ असे तुकडे पाडायची गरजच काय?

कारण मराठीतले एक अक्षर म्हणजे बहुधा दोन ध्वनींची जोडी असते. 'क' मध्ये क् आणि अ आहेत, 'कू' मध्ये क् आणि ऊ. चौतीस व्यंजने गुणिले बाराखडीचे बारा, असा हिशोब केला तर ४०८ चिन्हे होतात, आणि जोडाक्षरे त्याच्या बाहेरच. ज्याला आतली जोडी दिसत नाही त्याला ही सगळी चित्रासारखी पाठ करावी लागतात. पहिलीत झपाट्याने पुढे गेलेली मुले दुसरीत जोडाक्षरांशी अडतात, त्याचे मोठे कारण हेच. ज्याला जोडी दिसली तो 'धू' पूर्वी कधी पाहिला नसला तरी वाचतो.

६. म्हणजे बाराखडी पाठ करून घ्यायचीच नाही?

घ्या की! तालावर म्हटलेली बाराखडी कानाला स्वरांची फिरत शिकवते, आणि मुलांना ती आवडते. फक्त पाठांतराला वाचन समजू नका. 'क का कि की' धडाधड म्हणणाऱ्या मुलासमोर मधलेच 'मे' किंवा 'सू' ठेवा. त्याला 'म'पासून म्हणत म्हणत तिथवर यावे लागत असेल तर अजून अक्षरओळख झालेली नाही. बाराखडी आडवी म्हणा तशी उभीही म्हणा: का, मा, ना, रा, ला. उभ्या बाराखडीत व्यंजन बदलते आणि स्वर तोच राहतो, त्यामुळे प्रश्न ५ मधली जोडी आपोआप उघडी पडते. महाराष्ट्राच्या २००९ च्या शासन निर्णयाने ॲ आणि ऑ वर्णमालेत आले, म्हणून काही पुस्तकांत 'चौदाखडी' दिसते. बॅट, बॉल हे शब्द मुलांच्या तोंडी असतात, तेव्हा ही भर सोयीचीच आहे.

७. अक्षरं कोणत्या क्रमानं शिकवावीत? क, ख, ग पासूनच ना?

वर्णमालेचा क्रम उच्चारस्थानांप्रमाणे लावलेला आहे. शास्त्र म्हणून तो सुरेख आहे, पण सहा वर्षांच्या मुलाला पहिल्याच आठवड्यात ङ कशाला? ज्या अक्षरांपासून लगेच शब्द होतात ती आधी घ्या. म, न, र, ल, क आणि काना एवढ्यावर नाक, कान, मका, मामा, काका, नल, माल, कमान असे बरेच काही वाचता येते. मग स, त, प, ग, ळ. ळ लवकर आला की नारळ, काळा, माळ, सकाळ हे घरातले शब्द हाती लागतात.

सारखी दिसणारी अक्षरे एकापाठोपाठ शिकवू नका: घ आणि ध, भ आणि म, व आणि ब, प आणि ष. एक पक्के होऊन दोन-तीन आठवडे गेले की दुसरे आणा.

८. अक्षरं सगळी येतात, पण 'क… म… ळ' असं सुटं सुटं वाचतो आणि शब्द काय झाला ते सांगता येत नाही.

पालकांकडून सर्वांत जास्त येणारा प्रश्न हाच. दोन गोष्टी तपासा. पहिली, कानाने जोडता येते का? तुम्ही "आं… बा" असे सावकाश म्हणा आणि शब्द ओळखायला सांगा. तिथेच अडत असेल तर पुस्तक बाजूला ठेवून प्रश्न ४ मधले खेळ घ्या.

दुसरी गोष्ट लिपीतच दडलेली आहे. काना-मात्रा-वेलांटी नसलेल्या प्रत्येक व्यंजनाच्या अक्षरात अ असतो, पण बोलताना आपण तो बऱ्याच ठिकाणी गाळतो. लिहितो 'मडगाव', म्हणतो मड्गाव्. मूल प्रामाणिकपणे म-ड-गा-व वाचते आणि कानावर आलेला शब्द त्याच्या ओळखीच्या शब्दाशी जुळत नाही. म्हणून सुरुवातीला तोंडात असलेलेच शब्द वाचायला द्या. सावकाश वाचून झाले की "आता भरभर म्हण" सांगा. ओळखीचा शब्द असेल तर कान स्वतःच जादा अ गाळतो. जोडायला शिकवताना म, न, स, ल, र अशी लांबवता येणारी व्यंजने आधी घ्या. 'सससाप' म्हणता येते, पण 'ट'ला ताणता येत नाही.

९. वेलांटी कुठल्या बाजूची हे लक्षातच राहत नाही. 'डिचोली' लिहिताना दरवेळी गडबड.

पहिली वेलांटी ही देवनागरीतली खरोखर विचित्र जागा आहे: कागदावर ती व्यंजनाच्या आधी येते आणि बोलण्यात नंतर. मूल डावीकडून उजवीकडे जायला शिकते आणि लगेच हा अपवाद समोर येतो. वाचताना बोट ड वर ठेवायला शिकवा, आधी ड्, मग वेलांटीकडे पाहून इ. लिहिताना सुरुवातीचे काही महिने आधी अक्षर आणि मग त्याच्या अलीकडे वेलांटी असे लिहू द्यायला माझी हरकत नाही. हात सवयीचा झाला की क्रम आपोआप सुधारतो. पहिली की दुसरी, हा वेगळा प्रश्न आहे. तो प्रश्न १२ मध्ये पाहा.

१०. 'चार' आणि 'चारा' दोन्हीत च एकच, उच्चार वेगळे. मुलीनं विचारलं, काय सांगू?

तिला सांगा की तिचा कान फार तयार आहे. मराठीत च, ज, झ ही अक्षरे दोन-दोन आवाजांचे काम करतात. चहा, चंद्र, जत्रा यांत जीभ टाळूला टेकते. चाक, चूल, जाळे, झाड यांत दातांकडे येते. लिहिण्यात फरक नाही, तेव्हा शुद्धलेखनात अडचण येत नाही. वाचताना मात्र दोन्ही म्हणून पाहायचे आणि ओळखीचा शब्द निवडायचा. पुढे इ किंवा ई आली की आवाज टाळूचाच होतो: चिमणी, जीभ. हे दोन्ही आवाज कोकणीतही आहेत, त्यामुळे इथल्या मुलांना ते वेगळे शिकवावे लागत नाहीत, फक्त दाखवून द्यावे लागतात.

११. ण-न, ळ-ल, श-ष यांची गल्लत कशी थांबवायची?

पहिल्या दोन जोड्या कानाने सुटतात. मण-मन, काळ-काल, वेळ-वेल असे शब्द बोला आणि मुलाला त्या-त्या चित्रावर बोट ठेवायला सांगा. श आणि ष यांचे तसे नाही. आजच्या बोलण्यात त्यांतला फरक जवळजवळ मिटला आहे. तिथे "नीट ऐक" म्हणणे अन्यायाचे होईल. भाषा, विषय, वर्ष, कष्ट, कृष्ण असे ष चे नेहमीचे शब्द डोळ्यांखालून वारंवार जाऊ द्या.

१२. ऱ्हस्व-दीर्घाचे नियम कधी आणि किती शिकवावेत?

मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे चौदा आणि १९७२ मध्ये जोडलेले चार, असे अठरा नियम आहेत. तिसरीपर्यंत त्यांतले दोन पुरतात, आणि तेही नियम म्हणून न सांगता शब्दांच्या जोड्यांतून.

एक: शब्दाच्या शेवटची इ-उ दीर्घ. पणजी, नदी, काजू, वाळू, कवी. अपवाद 'आणि', 'नि', शिवाय परंतु, तथापि यांसारखी संस्कृतातून आलेली अव्यये.

दोन: शेवटच्या अक्षरात नुसता अ असेल तर त्याच्या आधीची इ-उ दीर्घ. फूल, दूध, पूल, बहीण, गरीब. पण तोच शब्द पुढे वाढला की ती ऱ्हस्व होते: फुले, दुधात, पुलावर, बहिणीला, गरिबाला. मुलांना हा बदल हुडकायला फार आवडतो. "मांडवीचा पूल, मांडवीच्या पुलावर" असे दहा वाक्यांश तोंडी करून घ्या आणि मग लिहायला द्या.

हे कानाने ठरवता येत नाही, हे मोठ्यांनी आधी मान्य करावे. आपण बोलताना दिन आणि दीन, सुत आणि सूत यांत फारसा फरक करत नाही. म्हणून "कान कुठे होते?" असे विचारू नये.

अपवाद संस्कृतातून जसेच्या तसे आलेल्या शब्दांचे: गुण, विष, मधुर यांत आधीचा स्वर ऱ्हस्वच राहतो, आणि शरीर-शरीराला, गीत-गीताला यांत दीर्घ तो दीर्घच राहतो. 'कवी' पण 'कविसंमेलन', हे पाचवीनंतर. त्याआधी असा शब्द आला तर नुसता लिहून दाखवा.

१३. मुलानं 'नांव', 'दांत', 'दूद' लिहिलं, बाईंनी तिन्ही खोडले. कोकणीच्या पुस्तकात तर तसंच आहे!

मुलाने जे लिहिले ते कोकणीत बिनचूक आहे. मराठी आणि कोकणी दोन्ही देवनागरीत लिहितो, पण दोघींचे लेखनाचे संकेत वेगळे. नाकातून येणारा स्वर कोकणी आजही अनुस्वाराने दाखवते: नांव, दांत, पांच. मराठीतही पूर्वी असेच लिहीत. पुढे हे अनुच्चारित अनुस्वार गाळायचे ठरले आणि नाव, दात, पाच रूढ झाले. आजी-आजोबांच्या जुन्या मराठी पोथ्यांत ते अजून सापडतील. तसेच शब्दाच्या शेवटचा महाप्राण (ध, घ यांतला ह सारखा श्वास): मराठीत दूध, वाघ, कोकणीत दूद, वाग. आणि मराठी फणसाचा कोकणीत पणस होतो.

शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे की इथे लाल काट मारू नये. दोन रकान्यांची एक वही करा, डावीकडे कोकणी आणि उजवीकडे मराठी. मूल 'दूद' लिहिते तेव्हा "हा डावीकडचा, उजवीकडे काय लिहू?" असे विचारा. काही महिन्यांत मुले स्वतःच शब्द वाटू लागतात. स्वतःच्या घरचा शब्द चुकीचा ठरलेले मूल पुढे लिहायलाच बिचकते, आणि ते नुकसान कुठल्याही ऱ्हस्व-दीर्घापेक्षा मोठे आहे.

१४. केळे, केळं की केळें?

मराठी लेखनात 'केळे', मराठी बोलण्यात 'केळं', कोकणीत 'केळें'. तिन्ही बरोबर, आपापल्या जागी. शाळेच्या मराठी वहीत पहिले रूप लिहावे. गोष्टीतले पात्र बोलत असेल तर दुसरे चालते.

१५. अनुस्वाराचा उच्चार प्रत्येक ठिकाणी वेगळा. हे कसं समजावू?

सांगून समजत नाही, तोंडात धरून समजते. मंगेशी, पंचायत, फोंडा, मांद्रे, कदंब हे पाच शब्द सावकाश म्हणायला लावा आणि टिंबाच्या ठिकाणी जीभ कुठे जाते ते विचारा. 'कदंब'मध्ये ओठ मिटतात, 'मांद्रे'त जीभ दातांना लागते, 'फोंडा'त वर वळते, 'मंगेशी'त मागे जाते. टिंब पुढच्या अक्षराच्या घरचे होते, हे मुलांना यातून कळते. मग घरी येणाऱ्या वृत्तपत्राच्या शीर्षाकडे त्यांचे लक्ष वेधा: 'गोमन्तक'. तिथे टिंबाऐवजी अर्धा न लिहिलेला आहे, जो 'गोमंतक'मध्येही बोललाच जातो. संवाद, सिंह, संस्था या शब्दांत टिंब वेगळेच वागते. ते पुढच्या वर्षी घ्या.

१६. जोडाक्षरं आणि रफार आला की सगळं कोलमडतं.

जोडाक्षर म्हणजे मधला अ नसलेली दोन व्यंजने, एवढेच. ज्याने पाय मोडलेला म् ऐकला आहे त्याला म् आणि ह मिळून 'म्ह' झाला हे पटते, आणि 'म्हापसा' वाचता येतो. बसच्या पाट्या यासाठी फार कामाच्या: अस्नोडा, वास्को, सत्तरी, प्रियोळ, पर्वरी, नार्वे.

र चे मात्र सवडीने करा. 'पर्वरी'त र् आधी बोलतो पण तो व च्या डोक्यावर बसतो, म्हणून मुले 'र्पवरी' लिहितात. हाताने टाळी देत पर्-वरी म्हणा, आणि रफार पुढच्याच्या डोक्यावर जातो एवढे दाखवा. 'प्रियोळ'मध्ये उलट: प् आधी, र नंतर, म्हणून तो पायाशी तिरकी रेघ होऊन येतो. तिसरे रूप 'ऱ्य'. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरांमधल्या. पहिल्यात र् च्या आधीच्या द वर आघात पडतो, दुसऱ्यात र् ओझरता येतो. आपल्याकडच्या मुलाला दर्या कोकणीतूनच ठाऊक असतो, त्यामुळे ही जोडी इथे सहज पटते.

१७. शाळेत इंग्रजी फोनिक्स सुरू झालंय. मुलगा 'बॅट' हा शब्द 'ब-ॲ-ट' असा फोडतो आणि जोडताना 'बअॅट' म्हणतो.

कारण घरी कुणीतरी बी या अक्षराचा आवाज 'ब' असा सांगितला आहे. तो ब् आहे. अ चिकटला की जोडणी फसते. देवनागरीत पाय मोडून शुद्ध व्यंजन लिहिता येते, हा आपला मोठा फायदा. पालकांनी प्रत्येक इंग्रजी अक्षरासमोर क्, ट्, प्, स् असे लिहून घ्यावे आणि तसेच उच्चारावे.

इंग्रजीत अक्षरे सव्वीस आणि ध्वनी सुमारे चव्वेचाळीस, त्यामुळे काही ध्वनींना दोन अक्षरे मिळून लागतात, जसे एस आणि एच मिळून श्. बऱ्याच शाळा एस, ए, टी, पी, आय, एन या सहा अक्षरांनी सुरुवात करतात, कारण त्यांतून लगेच शब्द होतात. विचार प्रश्न ७ मधलाच आहे. अक्षराचे नाव आणि आवाज यांची सरमिसळ करू नका. 'एस'चा आवाज स् आहे. व्ही आणि डब्ल्यू या दोघांनाही आपण 'व' म्हणतो, म्हणून मूल लिहिताना अडखळते. व्ही म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला लागतात, डब्ल्यू म्हणताना ओठ गोल होतात, हे आरशात दाखवा.

१८. फोनिक्स शिकल्यावर मुलगी गावांच्या रोमन पाट्या वाचते आणि केपेला 'क्वेपेम' म्हणते. फोनिक्स चुकीचं आहे का?

फोनिक्स बरोबर आहे, पाटीच इंग्रजी नाही. रोमन लिपीतली ही नावे १९६१ पर्यंतच्या पोर्तुगीज राजवटीतल्या लेखनपद्धतीने लिहिलेली आहेत. त्या पद्धतीत क्यू-यू च्या पुढे ई किंवा आय आले की आवाज नुसता क् असतो, म्हणून केपे आणि साखळी तसे लिहितात. शेवटचा एम हा स्वर नाकातून म्हणायची खूण आहे. एक्सचा आवाज श्, म्हणून शेल्डे एक्सने सुरू होते. आणि मडगाव, पेडणे यांतला ड त्यांनी आर लिहून भागवला. मुलीला सांगा की या पाट्यांचे नियम वेगळे आहेत. रोमी कोकणी वाचणाऱ्या घरांतल्या मुलांना हे आधीच माहीत असते, त्यांनाच वर्गात सांगायला उभे करा. डिचोलीचे रोमन नाव मात्र बी ने सुरू होते, ते तसेच लक्षात ठेवायचे.

१९. स्पेलिंग दहा-दहा वेळा लिहून घेऊ का?

नको. तिसऱ्या वेळेनंतर हात लिहितो आणि डोके खिडकीबाहेर असते. शब्द बोला, बोटांवर ध्वनी मोजा, प्रत्येक ध्वनीसाठी काय लिहायचे ते ठरवा, झाकून लिहा, उघडून ताडून पाहा. दिवसाला चार-पाच शब्द खूप झाले. ज्या शब्दात आवाज आणि अक्षरे जुळत नाहीत, तिथे फक्त न जुळणाऱ्या जागेखाली रेघ मारून तेवढीच ध्यानात ठेवायची.

२०. श्रुतलेखनात निम्मे शब्द चुकतात. आधी काय दुरुस्त करू?

चुका मोजण्याआधी त्यांची जात पाहा. 'पाणी'ऐवजी 'पानी' लिहिले तर कानाची चूक, ऐकण्याचा सराव हवा (प्रश्न ११). 'पाणि' लिहिले तर कान बरोबर, संकेत माहीत नाही (प्रश्न १२). 'पणी' लिहिले तर काना सुटला, म्हणजे स्वर पुरता ऐकला गेला नाही किंवा घाई झाली. पहिल्या आणि तिसऱ्या प्रकारच्या चुका आधी हाती घ्या. संकेताच्या चुका वाचन वाढले की पुष्कळशा आपोआप झडतात. आणि एका वेळी एकाच प्रकारची चूक दाखवा. सगळीकडे लाल झालेल्या पानावरून मूल काहीही शिकत नाही.

२१. पहिली संपली तरी मुलगा वाचत नाही. काळजी कधी करायची?

आधी कान आणि डोळे तपासून घ्या. सर्दी वारंवार होणाऱ्या काही मुलांच्या कानात पडद्यामागे पाणी साठते आणि काही आठवडे त्यांना कमी ऐकू येते. वर्गात ते मूल लक्ष नसलेले वाटते. अक्षरे उलटी काढणे सातव्या वर्षापर्यंत सर्रास दिसते, एवढ्यावरून घाबरू नका. पण नियमित शिकवूनही शब्दाचा पहिला आवाज सांगता येत नसेल, दोन अक्षरे जोडता येत नसतील, बोलायला उशिरा लागले असेल, किंवा घरात आणखी कुणाला वाचनाची अडचण असेल, तर "होईल हळूहळू" म्हणत वर्ष घालवू नका. शाळेमार्फत किंवा बालरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने तपासणी करून घ्या. विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा (वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यातल्या खास अडचणीचा) २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात समावेश आहे. त्यामुळे मदत मागणे हा हक्क आहे.

तपासणी मुलाच्या घरच्या भाषेत व्हावी असा आग्रह धरा. कोकणी मुलाची ध्वनिजाणीव इंग्रजी शब्दांवर तपासली तर निष्कर्ष दिशाभूल करणारा येतो. आणि मुलाला आळशी म्हणू नका. वाचता न येणारे मूल वर्गात इतर सगळ्यांपेक्षा जास्त कष्ट करत असते.

२२. मी स्वतः इंग्रजी माध्यमात शिकले. मराठी बोलते, पण वाचताना अडखळते. मी मुलाला काय शिकवणार?

प्रश्न ४ मधले एकही काम वाचायला लागत नाही, ते तुम्ही आजपासून करू शकता, कोकणीत किंवा मराठीत. वाचनासाठी मोठ्या अक्षरांची, एका पानावर दोन ओळी असलेली चित्रपुस्तके आणा आणि मुलाच्या बरोबरीने बोट ठेवून वाचा. पणजीला पाटो इथल्या कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांचा वेगळा विभाग आहे. जाणे जमत नसेल तर शाळेच्या ग्रंथालयातून आठवड्याला एक पुस्तक घरी देण्याची विनंती करा. घरात वाचू शकणारी आजी असेल तर रात्रीची गोष्ट तिच्याकडे सोपवा, आणि तुम्हीही तिथेच बसून ऐका.